सैल तारेचं राजकारण

"रिफ एक नंबर हाय भावा, पण मध्येच ह्ये राजकारण कशाला घुसडलंय?" कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका चहाच्या गाड्यावर 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या 'पॅरानॉइड' अल्बमबद्दल कानावर पडलेलं हे वाक्य. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा. बोलणारा कच्चा श्रोता नव्हता. कुठल्या गाण्यात बेस आधी येतो, कुठे गिटार मागे सरते, सगळं त्याला पाठ होतं. शिवाय त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. आठ-दहा तास मशीनवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी हेडफोन लावतो तेव्हा त्याला सभा नको असते. सभा ऐकायला बिंदू चौक आहेच. तरी ते वाक्य मनातून जाईना. तो बोलत होता तेव्हा मागच्या शेडमध्ये पॉवर प्रेसचा ठोका चालू होता, ग्राइंडरची चरचर होती, गरम कूलंटचा तो तेलकट वास चहाच्या वाफेत मिसळत होता. आणि ज्या रिफची तो तारीफ करत होता, तिचा जन्म अशाच एका शेडमधला आहे.

बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरी सोडून बँडबरोबर जायचं ठरलेलं, कारखान्यातला शेवटचा दिवस. नेहमीचा कामगार आला नाही म्हणून त्याला सवय नसलेल्या मशीनवर उभं केलं गेलं. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. पुढची हकिकत या संगीताच्या श्रोत्यांना तोंडपाठ असते: फोरमनने आणून दिलेली जँगो राइनहार्टची रेकॉर्ड, भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बनवलेली बोटांची टोपणं, त्यावर चिकटवलेलं चामडं, जाड तारा सोसेनात म्हणून लावलेल्या बँजोच्या बारीक तारा. हकिकत शौर्यकथेसारखी सांगितली जाते. तिच्यातला तांत्रिक भाग मात्र बहुतेक जण पटकन ओलांडून जातात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये आयोमीने काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सगळ्यात जाड तारेचा ई सूर ८२ हर्ट्झचा असतो, तो सी शार्पवर, म्हणजे ६९ हर्ट्झवर आला. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे तीच तार तीन अर्धस्वर उतरवली की तिच्यावरचा ताण जवळजवळ २९ टक्के घटतो. दुखऱ्या बोटांना तेवढा आराम. ताण घटला की तार जास्त झुलते, सूर खोल जातो, आणि गीझर बटलरचा बेस त्याच्याखाली आणखी एक सप्तक उतरून ३५ हर्ट्झच्या आसपास गुरगुरायला लागतो. पुढे काइअस या बँडने गिटार सीपर्यंत उतरवून बेसच्या अ‍ॅम्पमधून वाजवली, स्लीप या बँडने अख्खा तासभराचा एकच तुकडा तितक्याच खोल सुरांत रचला. स्टोनर आणि डूम या दोन्ही नावांखाली आज जे काही संथ, जड मेटल वाजतं, त्याचा पाया ही सैल केलेली तार आहे.

ती तार का सैल केली, याचं उत्तर कारखान्यात आहे.

म्हणून 'राजकारण मध्येच घुसडलं' हे मला पटत नाही. शब्द लिहिले जाण्याआधीच ते आवाजात होतं. कोल्हापूरला हे समजावून सांगायची गरज पडू नये. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांमध्ये आणि प्रेस शॉपमध्ये बोट गमावलेली माणसं पाहिली नाहीत असा माणूस इथे विरळा. प्रेसला दोन्ही हातांची बटणं दाबल्याशिवाय ठोका पडू नये अशी व्यवस्था असते. एक हात मोकळा राहिला की तो डायमध्ये जाऊ शकतो म्हणून. मग नग वाढवायचे म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं जातं, गार्ड काढून बाजूला उभा केला जातो. अपघात होतो तो बहुधा तिथे. आयोमीच्या बाबतीत बदली कामगार आणि अनोळखी मशीन, इथे निघालेला गार्ड. दोन्हीकडे कामाची घाई माणसाच्या हातावर येते. बर्मिंगहॅम आणि कोल्हापूर यांच्यात हजारो मैलांचं अंतर असलं तरी हे नातं मला या संगीतातल्या कुठल्याही घोषणेपेक्षा जवळचं वाटतं.

'पॅरानॉइड' सप्टेंबर १९७०मध्ये आला. अल्बमचं ठरलेलं नाव 'वॉर पिग्ज' होतं. कंपनीने ते बदलायला लावलं आणि घाईघाईत रचलेल्या एका छोट्या गाण्याचं नाव अल्बमला दिलं. मुखपृष्ठ आधीच तयार होतं, त्यामुळे शिरस्त्राण घातलेला, तलवार उपसलेला तो चमकदार माणूस तसाच राहिला. नावाशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे गाणं राहू दे, राजकारण तेवढं झाका, ही मागणी श्रोत्यांच्याही आधी विकणाऱ्याने केली होती. आत मात्र काही झाकलं गेलं नाही. पहिलं गाणं युद्ध लावणाऱ्यांवर, दुसऱ्या बाजूचं पहिलं अणुयुद्धावर, त्याच्या पाठोपाठचं 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून हेरॉइनची सवय घेऊन परतलेल्या सैनिकांवर. ब्रिटनने व्हिएतनाममध्ये लढायला फौज पाठवली नव्हती. तरी बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतल्या चार पोरांना तो विषय आपला वाटला. कोण मरतं आणि कोण नकाशावर बोट ठेवतं, एवढं कळायला सरहद्द आडवी येत नाही.

हा अल्बम राजकीय म्हणून वाजतो कसा, ते रचनेत बघावं लागतं. 'वॉर पिग्ज' जवळजवळ आठ मिनिटांचं आहे. सुरुवातीचा संथ, हेलकावत जाणारा भाग, त्यावर चढत जाणारा भोंगा. मग सगळं थांबतं आणि फक्त हाय-हॅट, म्हणजे ड्रमची जोडझांज, मोजत राहते. गिटार आणि बेस एकत्र घाव घालतात, गप्प बसतात. त्या रिकाम्या जागेत गायक ऑझीचा आवाज एकटा उभा असतो, साथीला ड्रमर बिल वॉर्डची हाय-हॅट तेवढी. आरोप ऐकू यावा म्हणून वाद्यांनी वाट सोडली आहे. नवीन बँड हे गाणं वाजवतात तेव्हा नेमके इथे बिघडतात: त्या रिकाम्या मात्रा सहन होत नाहीत, गिटारवाला घाव लांबवतो, ड्रमर मध्ये भरणा करतो, आणि गाण्याचा कणा मोडतो. घाव पडल्याबरोबर उजव्या तळव्याने तारा दाबून आवाज बंद करायचा. डावा हातही हलका ठेवायचा, नाहीतर सैल तार मागे घरघरत राहते. 'हँड ऑफ डूम'मध्ये उलटी युक्ती. बेस एकटा, दबक्या पावलांनी सुरू होतो, बरोबर जेमतेम ऐकू येणारे ड्रम, आवाजही खालचा. मग अचानक सगळा बँड अंगावर येतो. मध्ये लय वेगळीच होते, आणि शेवटी पुन्हा तोच दबका बेस. व्यसनी माणूस वर जातो, खाली येतो, पहिल्या जागी परततो. शब्द काढून टाकले तरी हे कळतं.

शेवटाबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. 'वॉर पिग्ज'च्या अखेरीस सेनापतींचा न्याय होतो तो कयामतीच्या दिवशी, देवाच्या दरबारात. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तरीही काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. इथे कुणाला जाब नाही, तिथे मिळेल. अपराधी आहेत, पण त्यांना नाव नाही, गाव नाही. त्यामुळे कुठल्याही देशातला, कुठल्याही पक्षाचा माणूस हे गाणं आपलं म्हणून वाजवू शकतो, आणि आपला सेनापती त्यातून वगळू शकतो. इथे पोवाड्याचा विचार मनात येतोच. पिराजीराव सरनाईकांच्या या गावात शाहिराचा आवाज डफाच्या वर असतो, तुणतुणं मागून धरून ठेवतं, झीलकरी 'जी जी' ओढतात ते पुढचा शब्द नीट पडावा म्हणून. कोण आला, कुठून आला, कुठल्या साली, कुणाशी लढला, हे शाहीर आधी सांगून टाकतो. ज्यांच्या कानावर लहानपणापासून हे आहे त्यांनी डूम ऐकून 'शब्द का बुडवले?' असं विचारलं तर ती तक्रार रास्त आहे. 'करोजन ऑफ कन्फॉर्मिटी' या अमेरिकी बँडने १९९१च्या 'ब्लाइंड'मध्ये यावर एक उत्तर शोधलं होतं. हार्डकोर पंकमधून आलेले हे लोक. संथ, जड रिफवर त्यांनी शब्द स्पष्ट आणि पुढे ठेवले. तो अल्बम ऐकणाऱ्यांतही मग भांडण: कुणाला तो थेट म्हणून आवडतो, कुणाला घोषणा फार म्हणून खुपतो. मला थेटपणा चालतो. घोषणेनंतर रिफने काहीतरी केलं पाहिजे, एवढीच अट.

'शब्द कळत नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असतात, हेही सांगायला हवं. तो एवढासा स्पीकर तीन-साडेतीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. बेसचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. वरच्या पटीतल्या सुरांवरून कान तो खालचा सूर अंदाजाने उभा करतो, म्हणून चाल ओळखू येते. वजन येत नाही. मग श्रोता आवाज वाढवतो, फझची (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टची) वरची करकर आणि गायकाचा आवाज एकाच पट्ट्यात भिडतात आणि शब्द आणखी बुडतात. वायरचे बरे हेडफोन, इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, शफल आणि क्रॉसफेड बंद. एवढं केलं तरी अर्धी तक्रार मिटते. अल्बम आहे त्या क्रमाने ऐकावा. 'हँड ऑफ डूम'चा दबका बेस 'इलेक्ट्रिक फ्यूनरल'च्या वाह-वाह गिटारीनंतर येतो तेव्हाच नीट लागतो.

खोलीत स्पीकरवर ऐकायचं तर खोलीच वाद्य होऊन बसते. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली घ्या. बारा फुटांच्या दिशेने ४७ हर्ट्झजवळचा सूर फुगतो, दहा फुटांच्या दिशेने ५६ हर्ट्झजवळचा. छतही दहा फुटांवर असेल तर ५६चा जोर आणखी वाढतो. म्हणजे बेसवरचा एफ शार्प आणि ए हे दोन सूर खोली स्वतःच मोठे करते, बाकीचे बिचारे जागेवर. श्रोत्याला वाटतं मिक्सिंग खराब आहे. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं की तेच सूर गायब होतात आणि भिंतीला टेकून बसलं की छाती भरते, हे करून बघण्यासारखं आहे. बारा फुटांच्या लांबीत समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसावं, स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर ओढावेत, कोपऱ्यात कापसाच्या दोन-तीन गाद्या उभ्या लावाव्यात. अंड्यांच्या ट्रे भिंतीला चिकटवून बेसवर काडीचा परिणाम होत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

इथे कुणीतरी हमखास डॉल्बी काढतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडच्या इमारतींच्या काचा थरथरतात, छातीत धडका बसतात, तेच तर हे, असं म्हणतो. शरीराला जाणवण्याच्या बाबतीत तो बरोबर आहे. पण डॉल्बीच्या गाण्यात खालचा आवाज ठोक्याठोक्याने येतो आणि लगेच सरतो, पाय हलवतो. डूममध्ये तो ओढून धरलेला असतो. एक घाव तीन-चार सेकंद टिकतो, विरताना त्याच्या पोटातून दुसरे सूर वर येतात, आणि त्या विरण्याकडे लक्ष देण्यापलीकडे श्रोत्याला काही काम उरत नाही. त्या थांबलेल्या वेळात शब्दांचा अर्थ पोचतो. मोठ्याने ऐकायची ओढ मला मान्य आहे, हिशेब मात्र ठेवावा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ला एक तास, १००ला फक्त पंधरा मिनिटं. 'पॅरानॉइड' चाळीस-बेचाळीस मिनिटांचा आहे, म्हणजे ९४ला तो दिवसाच्या वाट्यात बसतो. स्लीपचा ६३ मिनिटांचा 'डोपस्मोकर' बसत नाही. मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपवर विसंबताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'ए' मोजणीत ४० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरला जातो. आकडा ऐंशी दाखवत असतो आणि शेजारच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजत असतात. 'सी' मोजणी निवडली की खरं चित्र कळतं. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहेच.

आता वाजवणाऱ्यांकडे. ई ट्यूनिंगच्या ०.०१० ते ०.०४६ इंचांच्या तारा तशाच सीपर्यंत उतरवल्या तर ताण जवळजवळ ३७ टक्के घटतो, म्हणजे मूळच्या ६३ टक्क्यांवर येतो, आणि तार दोरीसारखी लोंबते. जोरात मारली की सूर आधी वर चढतो आणि मग खाली येतो. दोन गिटारी असतील तर प्रत्येक घाव बेसूर. सीसाठी ०.०१२ ते ०.०५६ हा संच बरा. जाड तार नटच्या खाचेत अडकते, त्यामुळे खाच किंचित रुंद करून घ्यावी लागते, नाहीतर ट्यूनर फिरवताना 'टक्' आवाज होऊन सूर उडी मारतो. ताण बदलला की मान वाकते किंवा मागे जाते. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) एका वेळी पाव फेरा, मग काही तास थांबून पुन्हा बघायचं. शेवटी पुलावरचं इंटोनेशन: बाराव्या फ्रेटचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळला पाहिजे. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (पुलावरचा तारेचा टेकू) मागे.

सरावाची खोली एखाद्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर असेल तर गुणगुण ठरलेली. अर्थिंग धड नसलं, खाली कंप्रेसर त्याच लाइनवर असला की अ‍ॅम्प ५० हर्ट्झवर घुमतो. हा सूर बेसच्या जीच्या जवळ, पण एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच चढा आहे. सीमध्ये वाजवणाऱ्या बँडला जी म्हणजे पंचम. त्यामुळे गाण्यातल्या प्रत्येक शांत जागेत एक बेसूर पंचम उभा राहतो आणि ती शांतता नासते. आधी अर्थिंग तपासून घ्यायचं. आवाज जाईना म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा जो उपाय सर्रास सांगितला जातो तो जिवावर बेतणारा आहे. कुणी सांगितला तरी करू नये.

'लय संथ हाय, झोप येत्या' या तक्रारीचं मूळही बहुतेकदा वाजवण्यात असतं. मिनिटाला साठ मात्रांची लय म्हणजे दोन मात्रांमध्ये पूर्ण एक सेकंद. तेवढ्या वेळात ड्रमरचा हात पुढे धावतो, तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला गाणं सत्तरवर गेलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सराव करताना मेट्रोनोम १२०वर ठेवून मधली मात्रा मनात म्हणत राहायची. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यांची गायकी या गावाच्या कानात मुरली. त्या गायकीत आलाप मात्रेला किती घट्ट बांधलेला असतो हे इथल्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. विलंबित ख्याल ऐकून डुलणाऱ्या माणसाला डूमचा संथपणा जड जाऊ नये. जड जातो तो मात्रा सांडलेला संथपणा.

मला ज्याची वाट पाहावीशी वाटते ते मराठी डूम गाणं, इथल्या शेडमधलं. साठच्या लयीत चार मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं होतं. एका श्वासात दोन आवर्तनं, म्हणजे साताठ अक्षरांहून जास्त भरायची नाहीत. घावावर 'आ' किंवा 'ओ' यावा, कारण ऱ्हस्व इ-उ ओढले की कानाला टोचतात. जोडाक्षर घावाच्या आधी संपवावं. गायकाचा आवाज दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कळतो. तिथे गिटारी दोन-तीन डेसिबलने खाली घ्याव्यात, फझचा नॉब घड्याळातल्या दोनच्या जागेवरून अकरावर आणावा, दुसरी गिटार फझशिवाय ठेवावी. आणि 'वॉर पिग्ज'ने मोकळी सोडली तशी जागा शब्दांना द्यावी. शब्द शाहिराच्या रीतीने असावेत: कुठली शेड, कुठली शिफ्ट, किती टनांची प्रेस, गार्ड कुणी काढायला लावला, भरपाईचा कागद कुणाच्या टेबलावर अडकला. गाड्यावरच्या त्या पोराला अशा गाण्यातलं राजकारण मध्येच घुसडल्यासारखं वाटेल का, हे त्यालाच विचारायला हवं; पहिली रिफ लिहायला त्याच्याइतका लायक माणूसही सापडायचा नाही.